शेअर्ड फोल्डरच्या परवानग्या : सोलापूरच्या ऑफिसांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, युनिफॉर्म शिवणारी युनिटं, नव्या पेठेतली दुकानं, सीएंची ऑफिसं, एखाददुसरा दवाखाना, अशा ठिकाणचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर चालू ठेवणं हे आमचं रोजचं काम. सर्व्हरवर शेअर केलेल्या फोल्डरात कोणी काय बघायचं आणि काय बदलायचं, याबद्दल फोनवर प्रश्न तेच ते येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. विंडोज सर्व्हर असेल किंवा विंडोजचाच एखादा बरा पीसी 'सर्व्हर' म्हणून कोपऱ्यात ठेवला असेल, दोघांनाही ही लागू पडतात. परवानगी, परमिशन, राइट्स हे शब्द खाली एकाच अर्थाने आलेत. फोनवरही तसेच येतात.

फोल्डर शेअर केला, 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाकला. चालतंय की! अडचण काय?

चालतंय हीच अडचण आहे. बंद पडलेली गोष्ट माणूस दुरुस्त करून घेतो, ही मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. सुरुवात सगळीकडे सारखीच असते. दिवाळीआधीची घाई, गाडी भरायला दारात उभी, डिस्पॅचच्या पोराला पॅकिंग लिस्ट उघडत नाही. शेठ म्हणतात, "आत्ता सगळ्यांना सगळं दे, नंतर बघू." ते 'नंतर' काही उगवत नाही.

एका कारखान्यात 'ऑफिस' नावाचा एकच शेअर होता आणि त्यातच पगाराचा फोल्डर. डिस्पॅचचा मुलगा पॅकिंग लिस्ट शोधत होता. शोधता शोधता त्याने बोनसची एक्सेल फाइल उघडली आणि घाईत तीच प्रिंटला सोडली. प्रिंटर गोडाऊनमध्ये. चहाच्या सुट्टीपर्यंत कोणाला किती बोनस हे अख्ख्या पाळीला पाठ झालं होतं. यात कोणी चोरी केली नाही की कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. दार उघडं होतं, एवढंच. मालकांनी त्या मुलाला झापलं. आम्ही गप्प बसलो, कारण ते दार दोन वर्षांपूर्वी आमच्याच माणसाने उघडं ठेवलं होतं.

एकाच फोल्डरला शेअरिंग आणि सिक्युरिटी असे दोन टॅब का? दोन्हीकडे परवानग्या दिसतात.

कारण त्या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. शेअरिंगमधली परवानगी नेटवर्कवरून येणाऱ्यालाच लागू होते आणि तिच्यात तीनच पायऱ्या असतात : रीड, चेंज आणि फुल कंट्रोल. सिक्युरिटीमधली परवानगी डिस्कवरच्या एनटीएफएस या रचनेची. तिच्यात बारकावे जास्त आहेत, आणि माणूस नेटवर्कवरून येवो की सर्व्हरसमोर बसून फोल्डर उघडो, ती लागू होतेच.

सोलापूरकराला हे नळाच्या भाषेत पटकन कळतं. शेअरिंग म्हणजे गल्लीतला मुख्य व्हॉल्व्ह आणि सिक्युरिटी म्हणजे घरातला नळ. व्हॉल्व्ह पूर्ण सोडला आणि नळ करंगळीएवढा उघडला, तर पाणी करंगळीएवढंच. नळ पूर्ण उघडून व्हॉल्व्ह बंद असेल, तर बादली कोरडी. दोन्हींत जी परवानगी कमी, तीच नेटवर्कवरच्या माणसाच्या हाती पडते. "सिक्युरिटीमध्ये मॉडिफाय दिलंय, तरी सेव्ह होत नाही," असा फोन आला की आम्ही आधी शेअरिंगचा टॅब उघडायला सांगतो. फोल्डर 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मधून शेअर केला की तिथे आपोआप 'एव्हरीवन – रीड' एवढंच येतं आणि ते बदलायचं राहून गेलेलं असतं.

मग शेअरिंगमध्ये नक्की काय ठेवायचं?

'एव्हरीवन' काढा. त्याजागी 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' (नाव-पासवर्डने लॉगिन केलेले सगळे) घाला आणि त्यांना चेंज द्या. फुल कंट्रोल फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्सना. कोण आत यायचं आणि कोण नाही, हा सगळा हिशेब सिक्युरिटीच्या टॅबमध्ये करा. दोन्हीकडे बारीक नियम लिहून ठेवले की सहा महिन्यांनी ते लिहिणाऱ्यालाही उलगडत नाहीत.

शेअरिंगमध्ये सरसकट फुल कंट्रोल द्यावं असं सांगणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण चेंज ठेवण्याचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये फाइल ज्याने बनवली तो तिचा मालक, आणि मालकाला स्वतःच्या फाइलच्या परवानग्या बदलता येतात, मग त्याला मॉडिफायच का दिलेलं असेना. शेअरिंगला चेंज असेल तर नेटवर्कवरून तो हे करू शकत नाही. "हुशार" कर्मचारी असलेल्या ऑफिसात हे फार उपयोगी पडतं.

मॉडिफाय आणि फुल कंट्रोल यांत फरक तो काय? दोन्हींत डिलीट होतंच की.

मॉडिफाय असलेला माणूस फाइल बनवतो, बदलतो, पुसतो. फुल कंट्रोलवाला याशिवाय परवानग्याही बदलू शकतो आणि फोल्डरची मालकीही आपल्या नावावर करू शकतो. भाडेकरूला घर वापरायला देणं आणि सातबारा त्याच्या हातात देणं, इतका फरक आहे. रोजच्या कामासाठी मॉडिफायच्या वर कोणालाच काही लागत नाही. नुसतं बघायचं असेल त्याला 'रीड अँड एक्झिक्यूट'.

आमच्याकडे आठच माणसं. त्यांच्यासाठी ग्रुप कशाला बनवायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आज आठ माणसं आहेत आणि त्यांची नावं तुम्हाला तोंडपाठ आहेत. सिक्युरिटीच्या यादीत तुम्ही एकेकाचं नाव घालत गेलात. मग अकाउंटंट मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला पाच फोल्डरांवर हक्क हवेत. तुम्हाला चार आठवतात. पाचवा जीएसटी रिटर्नच्या दिवशी आठवतो. मॅडम परत येतात, ती मुलगी खरेदी विभागात जाते, पण पगाराच्या फोल्डरवर तिचं नाव राहून जातं. दोन वर्षांनी यादी बघितली तर निम्मी नावं कशासाठी आहेत हे कोणाला सांगता येत नाही, आणि काढायची तर धास्ती वाटते : काही बंद पडलं तर?

त्यापेक्षा ग्रुप कामाच्या नावाने करा. 'हिशेब – लिहिणारे', 'हिशेब – बघणारे', 'डिझाइन – लिहिणारे', 'डिस्पॅच – लिहिणारे'. फोल्डरवर नाव फक्त ग्रुपचं. माणूस आला की ग्रुपमध्ये घाला, काम बदललं की एका ग्रुपमधून काढून दुसऱ्यात घाला. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबला पुन्हा हात लावायची वेळच येत नाही. आठ माणसांच्या ऑफिसात हे सगळं करायला अर्धा तास लागतो. ऐंशी माणसं झाल्यावर करायला बसलात तर रविवार जातो, आणि तो आमचा जातो.

डोमेन असेल, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळली जात असतील, तर हे ग्रुप तिथल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत बनवा. नसेल तर सर्व्हर म्हणून ठेवलेल्या मशीनवरच यूजर आणि ग्रुप बनवता येतात. फक्त विंडोजची होम आवृत्ती असेल तर यूजर-ग्रुपची ती खिडकी मिळत नाही. प्रो घ्या.

ग्रुपमध्ये घातलं, तरी त्याला फोल्डर उघडत नाही.

त्याला लॉग-ऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. माणूस लॉगिन करतो तेव्हा तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे याची चिठ्ठी त्याच्या नावे तयार होते, आणि दिवसभर तीच चिठ्ठी दाखवली जाते. दुपारी तुम्ही त्याला नव्या ग्रुपमध्ये घातलं तरी चिठ्ठी सकाळचीच. याच्या उलटंही खरं आहे, आणि ते जास्त धोक्याचं : ग्रुपमधून काढलेला माणूस लॉग-ऑफ करेपर्यंत जुन्याच हक्काने आत फिरू शकतो.

एकालाच अडवायचं असेल तर डिनाय लावू का?

शक्यतो नको. सोलापुरी भाषेत सांगायचं तर डिनाय म्हणजे लई कडक गडी. एकाच पातळीवर अलाऊ (परवानगी) आणि डिनाय (मनाई) दोन्ही असतील तर डिनाय जिंकतो. एका ऑफिसात पगाराच्या फोल्डरवर 'यूजर्स' ग्रुपला डिनाय लावला होता, बाकीच्यांना अडवायला. अकाउंटंटही त्याच ग्रुपमध्ये, मालकही त्याच ग्रुपमध्ये. पगाराच्या आदल्या संध्याकाळी फोल्डर कोणालाच उघडेना. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीत नसणं पुरेसं असतं. यादीत नाव नाही म्हणजे प्रवेश नाही.

आणि गंमत अशी की डिनायही सगळीकडे चालत नाही. वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेल्या डिनायपेक्षा खालच्या फोल्डरवर थेट दिलेला अलाऊ वरचढ ठरतो. म्हणजे डिनायवर विसंबून झोपलात, तर फसण्याच्या दोन वाटा.

हा इन्हेरिटन्स म्हणजे काय? बंद केला तर काय होतं?

वरच्या फोल्डरच्या परवानग्या खालच्यांना आपोआप मिळतात, तो वारसा. बहुतेक ठिकाणी तो हवाच असतो. 'हिशेब' या फोल्डरमध्ये 'पगार' आहे आणि तो हिशेबातल्या सगळ्यांनी बघायचा नाही, अशा जागी वारसा तोडावा लागतो. तोडताना विंडोज विचारतं : आलेल्या परवानग्यांची प्रत ठेवू की सगळ्या काढून टाकू? प्रत ठेवा, आणि मग नको ती नावं एकेक करून काढा. 'सगळ्या काढा' दाबून नंतर स्वतःच बाहेर राहिलेले ॲडमिन आम्ही पाहिलेत.

आमचा सल्ला असा की वारसा तोडायची वेळ येते तिथे आधी रचना तपासा. 'पगार' हा 'हिशेब'च्या पोटात कशाला हवा? शेजारी वेगळा शेअर केला की प्रश्नच मिटतो. तिसऱ्या-चौथ्या पातळीवर परवानग्या बदलत बसणं म्हणजे वाड्यातल्या प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा हरवलेला.

डिझाइनचा अख्खा फोल्डर एक दिवस गायब होतो आणि डिस्पॅचमध्ये सापडतो. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही, माऊस आहे. कोणीतरी फोल्डरवर क्लिक केलं, हात हलला आणि तो शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला. खिडकी बंद करून माणूस कामाला लागला, त्याला पत्ताही नाही.

बंदोबस्त होतो. डिझाइनच्या फोल्डरवर सिक्युरिटीमधलं ॲडव्हान्स्ड उघडा आणि ग्रुपला दोन नोंदींत हक्क द्या. पहिली नोंद 'फक्त हा फोल्डर' यासाठी : वाचणं, नवी फाइल बनवणं, नवा फोल्डर बनवणं. दुसरी 'फक्त आतले फोल्डर आणि फाइली' यासाठी : मॉडिफाय. आणि ज्या शेअरमध्ये हे सगळे विभागांचे फोल्डर आहेत, तिथे सर्वांना नुसतं रीड, तेही 'फक्त हा फोल्डर' इतकंच, नाहीतर ते रीड वारशाने प्रत्येक विभागात उतरेल. एवढं केलं की आत काम सुरळीत चालतं, पण विभागाचा मूळ फोल्डर कोणाला ओढताही येत नाही आणि पुसताही येत नाही.

डिझाइनचा विषय निघालाच आहे म्हणून. सोलापुरी चादरीच्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, तसंच इथल्या टेरी टॉवेललाही. पण ते नावाचं रक्षण करतं. पुढच्या सीझनसाठी मास्तरांनी रात्री जागून केलेलं जॅकार्डचं डिझाइन पेन ड्राइव्हवर घालून कोणी शेजारच्या गाळ्यात नेलं, तर मानांकन काही करत नाही. त्या फोल्डरवर वाचण्याचा हक्कही मोजक्याच लोकांना द्या. ज्याला वाचता येतं त्याला कॉपी करता येतं. 'वाचू दे पण कॉपी करू देऊ नको' अशी परवानगी विंडोजच्या साध्या शेअरमध्ये नाही, कितीही विचारलंत तरी.

फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, पण तिथल्या लोकांना ती उघडत नाही.

कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या परवानग्या घेते. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल मात्र जुन्या घरच्या परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली तर ती कॉपीच धरली जाते. म्हणून विभागाबाहेर काही द्यायचं असेल तर कॉपी करा, हलवू नका. आधीच घोळ झाला असेल तर वरच्या फोल्डरच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन खालच्या सगळ्यांना नव्याने वारसा लागू करायचा पर्याय आहे. तो दाबण्याआधी खाली कुठे मुद्दाम वेगळ्या परवानग्या दिल्या आहेत का ते बघा, कारण त्या पुसल्या जातात.

"तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही" असं येतं आणि खाली 'कंटिन्यू' बटण असतं. दाबलं की उघडतं. मग बरंय की!

बरं नाही. ॲडमिन हक्क असलेल्या माणसाने ते बटण दाबलं की विंडोज त्याचं नाव त्या फोल्डरच्या यादीत कायमचं लिहून टाकतं. फक्त त्या वेळेपुरतं नाही. पगाराच्या फोल्डरवर पाच वर्षांपूर्वी आलेल्या एखाद्या तंत्रज्ञाचं नाव दिसलं, तर ते बहुधा असंच लिहिलं गेलेलं असतं. आमच्याही एका मुलाचं नाव असं एका ठिकाणी सापडलं होतं. तो तेव्हा नोकरी सोडून पुण्याला गेलेला.

मालकांना आणि त्यांच्या मुलाला सगळं दिसायला हवं. त्यांना ॲडमिनचा पासवर्ड देऊ का?

सगळं दिसणं वेगळं आणि ॲडमिन असणं वेगळं. शेठना सगळ्या फोल्डरांवर वाचण्याचा हक्क द्या, लागेल तिथे लिहिण्याचा द्या. पण रोजच्या वापराचं लॉगिन साधंच ठेवा. घराण्यात थोरले अण्णा आहेत म्हणून तिजोरीची किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात लटकवून बाजारात पाठवत नाही आपण. मेलमधून बिल म्हणून आलेला एखादा व्हायरस उघडला गेला तर तो उघडणाऱ्याच्या हक्कानेच पसरतो, आणि मालकांना सगळ्यात जास्त मेल येतात.

हे बोलायला अवघड जातं, माहीत आहे. आम्ही असं सांगतो : "साहेब, तुमच्या नावाने काही वाईट होऊ नये म्हणून तुमचे हक्क कमी करतोय." बहुतेक जण हसून हो म्हणतात.

ऑडिटच्या वेळी सीएंच्या ऑफिसातली मुलं येतात. त्यांना कसा प्रवेश द्यायचा?

'ऑडिट – बघणारे' हा ग्रुप आणि त्यात एक खातं. फक्त रीड. खातं बनवतानाच मुदत घाला. डोमेनमध्ये खात्याला संपण्याची तारीख देता येते, आणि साध्या मशीनवरही कमांडने ती देता येते. त्या दिवशी ते आपोआप बंद होतं, कोणाला लक्षात ठेवावं लागत नाही. अकाउंटंटच्याच लॉगिनवर त्यांना बसवणं सोपं वाटतं, पण मग नोंद बदलली कोणी हा वाद पुढच्या ऑडिटपर्यंत चालतो.

नोकरी सोडून गेलेल्याचं खातं लगेच डिलीट करावं का?

त्याच दिवशी बंद करा, डिलीट सावकाश करा. विंडोज माणसाला नावाने नाही तर एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. खातं डिलीट केलं की परवानग्यांच्या यादीत नावाच्या जागी 'एस-१-५-२१'ने सुरू होणारा तो क्रमांक उरतो. त्याच नावाने पुन्हा खातं बनवलंत तरी क्रमांक नवा मिळतो, जुने हक्क परत येत नाहीत. यादीत असे अनाथ क्रमांक दिसायला लागले तर समजा की तिथे ग्रुपऐवजी माणसांची नावं घातलेली होती.

टॅलीच्या डेटा फोल्डरला काय हक्क द्यायचे? रीड दिलं तर टॅली चालत नाही.

नाही चालणार. टॅलीत नोंद करणाऱ्याला डेटाच्या फोल्डरवर लिहिण्या-पुसण्याचा हक्क लागतोच, म्हणजे मॉडिफाय. इथे लोकांची एक गल्लत होते. टॅलीच्या आत यूजर आणि पासवर्ड लावले म्हणजे डेटा सुरक्षित झाला असं वाटतं. पण ते कुलूप टॅलीच्या दाराला आहे. ज्याच्याकडे मॉडिफाय आहे तो टॅली न उघडताच तो फोल्डर एक्सप्लोररमधून उचलून पेन ड्राइव्हवर नेऊ शकतो किंवा सरळ पुसू शकतो. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (कोणती नोंद कधी बदलली याचा माग) बंधनकारक आहे, पण फोल्डरच बाहेरून कॉपी झाला तर ती नोंद त्या ट्रेलमध्ये येत नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. टॅलीसाठी वेगळा शेअर ठेवा आणि त्यावर फक्त टॅलीत काम करणाऱ्यांचा ग्रुप घाला. टॅली व्हॉल्टचा पासवर्ड लावा, म्हणजे डेटा सांकेतिक रूपात राहतो आणि नेलेली प्रत पासवर्डशिवाय कामाची नाही (तो पासवर्ड विसरलात तर तुमच्याही कामाची नाही, कागदावर लिहून तिजोरीत ठेवा). आणि रोजचा बॅकअप अशा जागी घ्या जिथे या ग्रुपला हातच लावता येत नाही.

ज्याला हक्क नाही त्याला फोल्डरचं नावही दिसू नये, असं होतं का?

होतं. विंडोज सर्व्हरवर 'ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन' हा पर्याय शेअरच्या सेटिंगमध्ये चालू केला की ज्याला जे उघडता येतं तेवढंच त्याला दिसतं. 'भागीदारी वाटप' नावाचा फोल्डर दिसला की कुजबुज सुरू होते, उघडला नाही तरी. साध्या विंडोज पीसीवर मात्र ही सोय शोधत बसू नका.

शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह घातलं की तो यादीत दिसत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ते लपवणं आहे, कुलूप नाही. नाव माहीत असलेला माणूस ते टाइप करून आत जातो.

विंडोज ११ अपडेट झालं आणि जुना नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) उघडेनासा झाला.

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्ये पासवर्ड नसलेला 'गेस्ट' प्रवेश मूळातच बंद आहे, आणि नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीवर डिजिटल सही लागते. जुन्या बॉक्सवर बहुतेक ठिकाणी गेस्टच चालू असतो. विंडोजची ती अट सैल करायचे उपाय सगळीकडे सांगितलेले सापडतात. ते करू नका. बॉक्समध्येच यूजर बनवा, पासवर्ड द्या, त्याचं फर्मवेअर अद्ययावत करा. तो बॉक्स एसएमबीची (विंडोज फोल्डर शेअर करतं त्या भाषेची) फक्त पहिली आवृत्ती बोलत असेल तर बदला. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) याच पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून पसरलं होतं, आणि त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता.

पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी पुन्हापुन्हा विचारतं.

तीन कारणं आम्हाला नेहमी सापडतात. त्या माणसाच्या खात्याला पासवर्डच नाही. कोऱ्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. दुसरं, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड जपून ठेवलेला आहे. तो काढा. तिसरं, त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने आधीच जोडणी झालेली आहे. एकाच लॉगिनमधून एका सर्व्हरला दोन नावांनी जोडलेलं विंडोजला चालत नाही, १२१९ क्रमांकाची चूक दाखवतं. जुनी जोडणी तोडा किंवा लॉग-ऑफ करून पुन्हा या.

फाइल कोणी पुसली ते कळेल का?

आधीपासून तयारी केली असेल तर कळेल. सर्व्हरच्या धोरणात फाइलींचं ऑडिट चालू करावं लागतं, आणि त्या फोल्डरच्या ॲडव्हान्स्डमधल्या ऑडिटिंग टॅबमध्ये कोणाच्या कोणत्या कृतीची नोंद हवी ते सांगावं लागतं. मग इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी नोंदींत ४६६३ आणि ४६६० या क्रमांकांखाली नाव आणि वेळ सापडते. फक्त पुसण्याचीच नोंद ठेवा. प्रत्येक वाचनाची ठेवलीत तर दोन दिवसांत लॉग भरून जुनं वाहून जातं.

आणि सगळं ऑफिस 'ऑफिस' या एकाच लॉगिनवर चालत असेल, तर नोंदीत लिहिलेलं असेल : ऑफिसने पुसली. एका ठिकाणी हे छापून मालकांच्या हातात दिलं होतं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वेगळी लॉगिनं मिळाली. त्याआधी दीड वर्ष आम्ही तेच सांगत होतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. लॉगची जागा ठरवताना हे धरूनच ठरवा.

रॅन्समवेअर आलं तर परवानग्यांचा उपयोग होतो का?

होतो, नुकसान मर्यादेत ठेवण्यापुरता. ते ज्याच्या लॉगिनवर शिरतं त्याच्याच हक्काने फाइली बिघडवतं. डिस्पॅचच्या पीसीवर शिरलं आणि त्याला फक्त डिस्पॅचचा फोल्डर लिहिता येत असेल, तर तेवढाच जातो. एव्हरीवन फुल कंट्रोल असेल तर सगळा सर्व्हर जातो, आणि बॅकअपची डिस्कही त्याच सर्व्हरला शेअर करून ठेवली असेल तर तीही. शॅडो कॉपी (विंडोज अधूनमधून जपून ठेवतं त्या फाइलींच्या जुन्या प्रती) चालू ठेवा, चुकून पुसलेली फाइल त्यातून मिनिटात परत येते. पण तो बॅकअप नव्हे : ॲडमिन हक्क मिळालेलं रॅन्समवेअर आधी त्याच पुसतं.

परवानग्यांचाही बॅकअप घेता येतो हे थोड्यांना माहीत असतं. 'आयकॅकल्स' कमांडने सगळ्या फोल्डरांच्या परवानग्या एका फाइलमध्ये साठवता येतात आणि परत लावता येतात. मोठा बदल करण्याआधी आम्ही ती चालवतोच. नव्या सर्व्हरवर डेटा नेताना 'रोबोकॉपी' या कॉपी करणाऱ्या कमांडला सिक्युरिटीही आणायला सांगा. नुसतं ओढून टाकलंत तर फाइली येतात, परवानग्या मागे राहतात.

सर्व्हर घ्यायलाच हवा, की साधा पीसी चालेल?

विंडोज १० आणि ११ एकाच वेळी २० जोडण्यांपर्यंतच शेअर देतात. दहा-बारा माणसांचं ऑफिस भागतं. विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, त्यामुळे तो पीसी सर्व्हर म्हणून ठेवला असेल तर आधी त्याचं बघा. आणि यूपीएस लावा. एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळिशीपार गेला की लाईट जाते, लिहिता लिहिता बंद पडलेली डिस्क परवानग्या बघत नाही.

तुम्ही येण्याआधी आम्ही काय तयार ठेवू?

एक कागद. डाव्या बाजूला फोल्डरांची नावं, वरच्या बाजूला कामं : हिशेब, डिझाइन, डिस्पॅच, खरेदी, मालक. प्रत्येक चौकोनात 'लिहितो', 'बघतो' किंवा काहीच नाही. हा कागद कॉम्प्युटरवाल्याने भरायचा नसतो, मालकांनी भरायचा असतो. भरताना भांडणं होतात, ती आम्ही यायच्या आधी होऊ द्या. खाली मालकांची सही आणि तारीख. दर सहा महिन्यांनी, आमच्या अनुभवात जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की आणि शाळांच्या युनिफॉर्मची घाई संपली की, तो कागद सर्व्हरच्या यादीसमोर धरून एकेक ग्रुप ताडून बघतो. गेल्या वेळी एका ठिकाणी 'डिझाइन – लिहिणारे'मध्ये सात नावं निघाली आणि डिझाइनला माणसं होती तीन.